चेहरा कुठं द्यावाच लागतो, कुठं नको म्हणता येतं: पहिल्यांदा परदेशी निघालेल्या मराठवाडकरांसाठी

परभणीची आजी लेकीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला निघते, बीडचा पोरगा दुबईत एसी मेकॅनिक म्हणून लागतो, खुलताबादचं कुटुंब उमऱ्याला जातं, लातूरची मुलगी जर्मनीत शिकायला. या सगळ्यांना सामानाचं वजन, तिकीट, परकीय चलन यावर सल्ला देणारे भरपूर भेटतात. लोणचं किती न्यायचं यावर तर घरात बैठकच बसते. पण घरून निघाल्यापासून परक्या देशातल्या विमानतळाबाहेर पडेपर्यंत आपला चेहरा कोण कोण टिपून घेणार, त्यातला कॅमेरा सरकारचा कोणता, कंपनीचा कोणता, आणि कुठं नको म्हटलं तरी चालतं, हे कुणी सांगत नाही.

मी पासपोर्ट-व्हिसाचे अर्ज भरून देण्याचं काम करतो. "फोटोच तर काढतेत, त्याला काय होतंय?" असं समोर बसलेले बरेच जण म्हणतात. त्यांना मी २०१९ ची गोष्ट सांगतो. अमेरिकेच्या सीमा खात्याचं काम करणारी पर्सेप्टिक्स नावाची ठेकेदार कंपनी. तिनं प्रवाशांचे फोटो खात्याला न विचारता स्वतःच्या सर्व्हरवर उतरवून घेतले आणि पुढं त्याच सर्व्हरवर सायबर हल्ला झाला. सरकारी चौकशीत निघालं की त्यात चेहऱ्यांचे सुमारे १,८४,००० फोटो होते आणि त्यातले निदान १९ इंटरनेटच्या काळ्या बाजारात पोचले. खातं बलाढ्य, नियम कागदावर चोख, आणि गळती झाली ठेकेदाराच्या घरातून.

म्हणून सगळीकडं नाही म्हणत सुटा, असं माझं म्हणणं नाही. काही खिडक्यांवर नाही म्हणणं म्हणजे आल्या पावली परत फिरणं. अडचण अशी की सक्तीचा कॅमेरा आणि मर्जीचा कॅमेरा दिसायला सारखेच असतात. शेजारी वर्दीतला माणूस उभा असला की आपल्याला सगळंच सक्तीचं वाटतं. ते वेगळं कसं ओळखायचं, ते प्रवासाच्या क्रमानंच बघू.

पायरी १: पासपोर्ट काढताना

पहिला सक्तीचा कॅमेरा विमानतळावर नसतो. तो तुमच्या गावाजवळच्या पासपोर्ट सेवा केंद्रात किंवा टपाल कार्यालयातल्या केंद्रात असतो. तिथं फोटो आणि बोटांचे ठसे तिथल्या तिथं घेतात. चार वर्षांखालच्या लेकराचा मात्र पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा फोटो सोबत न्यावा लागतो.

हा फोटो पुढं दहा वर्षं तुमच्या बोकांडी बसणार आहे, तेव्हा घाईत काढू देऊ नका. पदर कपाळावर ओढलेला नको, चष्मा नको. हिजाब किंवा पगडी चालते. हनुवटीपासून कपाळापर्यंत चेहरा स्वच्छ दिसला पाहिजे. केंद्रातल्या स्क्रीनवर फोटो दिसतो. काळपट किंवा डोळे मिटलेला आला असेल तर लगेच सांगा आणि दुसरा काढायला लावा. पुढच्या प्रत्येक सीमेवर मशीन याच फोटोशी तुमचं तोंड जुळवणार आहे. आपल्याकडची माणसं उन्हातान्हात काम करतात. चार-पाच उन्हाळ्यांत रंग बदलतो, गाल बसतात. मूळ फोटोच वाईट असेल तर मशीनला अडायला निमित्तच मिळतं.

बोटांचं दुखणं वेगळं. ऊसतोड, गवंडीकाम, कापूस वेचणी यांत बोटांच्या रेषा झिजतात, हे रेशन दुकानात अंगठा लागत नाही तेव्हा सगळ्यांनी पाहिलेलं असतं. तारीख मिळाली की आधीचे काही दिवस सिमेंट, चुना, फवारणीची औषधं यांपासून हात लांब ठेवा. रात्री तेल किंवा क्रीम लावा आणि सकाळी साबणानं धुऊन कोरडे करून जा. ठसा उमटला नाही तर पुन्हा घ्यायला सांगा. लाजायचं कारण नाही.

२०२४ च्या एप्रिलपासून आपल्याकडं टप्प्याटप्प्यानं ई-पासपोर्ट द्यायला सुरुवात झाली. कव्हरवर 'पासपोर्ट' या शब्दाखाली छोटं सोनेरी चिन्ह असेल तर आत चिप आहे असं समजा. तुमच्याकडं जुना पासपोर्ट असेल तर मुदत संपेपर्यंत तोही चालतो, एजंट काही सांगो. चिपमध्ये तुमची माहिती आणि चेहऱ्याचा फोटो असतो. खिशातल्या खिशात कुणी चिप वाचेल का, अशी भीती काहींना वाटते. सहसा तसं होत नाही. फोटोच्या पानावर खाली बाणांसारख्या खुणांनी भरलेल्या दोन ओळी असतात. त्या ओळींतला पासपोर्ट नंबर, जन्मतारीख आणि मुदतीची तारीख मशीननं आधी वाचली, तरच चिप बोलते. म्हणजे त्या दोन ओळी ही किल्ली आहे.

आणि ती किल्ली आपण व्हॉट्सॲपवर वाटत फिरतो.

पायरी २: एजंटाचा मोबाईल

सरकारी कॅमेऱ्यांबद्दल लिहायला बसलो असलो तरी इथं थोडं थांबतो, कारण मराठवाड्यातल्या माणसाचा चेहरा आणि पासपोर्ट सगळ्यात आधी गळतो तो इथंच. आखाती नोकरीचा एजंट म्हणतो, "पासपोर्टचं पान न् फोटो टाका, बाकी मी बघतो." ते पान त्याच्या मोबाईलवर जातं, तिथून मुंबईच्या ऑफिसला, तिथून भरती करणाऱ्याला, मधे झेरॉक्सवाल्याच्या कॉम्प्युटरवरही एक प्रत राहते. गावातल्या 'गल्फ जॉब' ग्रुपवर तर मी दुसऱ्यांच्या पासपोर्टची अख्खी पानं पाहिली आहेत. जन्मतारीख, आईवडिलांची नावं, चेहरा, सगळं उघडं.

काय करायचं? ग्रुपवर कधीच टाकू नका. एकट्या माणसाला पाठवायचं असेल तर प्रतीवर आडवं लिहा: कुणासाठी, कोणत्या कामासाठी, कोणत्या तारखेला. चेहऱ्यावरून किंवा खालच्या दोन ओळींवरून अक्षरं जातील असं लिहिलं तर त्या प्रतीचा दुसरीकडं वापर करणं अवघड होतं. अर्थात व्हिसाच्या अधिकृत अर्जावर स्वच्छच प्रत अपलोड करावी लागते. ती शक्यतो तुमच्या समोर, तुमच्या लॉगिनमधून अपलोड व्हावी. झेरॉक्सच्या दुकानात काम झालं की फाईल डेस्कटॉपवरून काढायला लावा आणि रिसायकल बिनही रिकामी करायला लावा. दुकानदार तोंड वाकडं करतो. करू द्या.

जाता जाता एक: पासपोर्टवर जन्मस्थान औरंगाबाद किंवा उस्मानाबाद छापलेलं असेल तर व्हिसाच्या फॉर्मवर तेच लिहा. शहराचं नाव बदललं तरी मशीन पासपोर्टवर छापलेलंच वाचतं.

पायरी ३: देशातल्या देशात डिजियात्रा

नांदेड, लातूरकडची माणसं बहुतेक हैदराबाद गाठतात, संभाजीनगर-जालन्याकडची मुंबई. आणि विमानतळाच्या दारातच पहिला गोंधळ उडतो.

डिजियात्रा ही चेहरा दाखवून विमानतळाच्या दारातून आणि सुरक्षा तपासणीतून आत जायची सोय. १ डिसेंबर २०२२ ला दिल्ली, बेंगळुरू आणि वाराणसीत ती सुरू झाली. पुढच्या वर्षी हैदराबाद, पुणे, मुंबईतही आली. ती देशांतर्गत प्रवासासाठी आहे. परदेशी जाताना जी इमिग्रेशनची खिडकी लागते, तिचा आणि डिजियात्रेचा संबंध नाही. 'डिजियात्रा केली म्हणजे इमिग्रेशन लवकर होतं' असं कुणी सांगितलं तर त्याला दोन्हीतलं काहीच माहीत नाही, असं खुशाल समजा.

तुमच्या मोबाईलवरच्या ॲपमध्ये आधार आणि सेल्फी जोडायची, प्रवासाच्या वेळी बोर्डिंग पास जोडून माहिती त्या विमानतळाकडं पाठवायची, मग दारातला कॅमेरा चेहरा जुळवून फाटक उघडतो. माहिती एरवी तुमच्याच फोनमध्ये राहते आणि विमान सुटल्यावर २४ तासांत विमानतळाच्या यंत्रणेतून पुसली जाते, असं धोरण सांगतं. हे चालवणारं डिजियात्रा फाउंडेशन सरकारी खातं नाही. ती ना-नफा कंपनी आहे. तिच्यात भारतीय विमानतळ प्राधिकरणाचा २६ टक्के हिस्सा आहे आणि बाकीचा मोठ्या खासगी विमानतळांचा. धोरणात सुरक्षा यंत्रणांना माहिती द्यायची वाटही ठेवलेली आहे. २०२४ मध्ये जुनं ॲप बाजूला सारून नवं आणलं गेलं आणि लोकांना पुन्हा नोंदणी करावी लागली. जुन्या ॲपमधल्या माहितीचं काय झालं, हा प्रश्न तेव्हा बऱ्याच जणांनी विचारला आणि तो रास्तच होता.

महत्त्वाचं हे की डिजियात्रा पूर्णपणे मर्जीची आहे. दारात टॅब घेऊन पोरंपोरी उभी असतात, "सर, इधर देखिए" म्हणतात आणि कशासाठी ते कळायच्या आत फोटो निघालेला असतो, अशा तक्रारी प्रवाशांनी जाहीरपणे केल्या आहेत. तुम्हाला नको असेल तर थांबून शांतपणे सांगा. तिथला माणूस बहुधा हिंदीच बोलेल, म्हणून वाक्य हिंदीत पाठ करून ठेवा: "मुझे डिजियात्रा नहीं करनी, टिकट और आईडी देख लीजिए।" त्यानं बिनकॅमेऱ्याची रांग दाखवलीच पाहिजे. 'आता सगळ्यांना कंपल्सरी आहे' असं म्हणाला तर दारावरच्या सीआयएसएफच्या, म्हणजे केंद्राच्या सुरक्षा दलाच्या, जवानाकडं जा. तो तिकीट आणि ओळखपत्र बघून आत सोडतो.

माझं मत विचाराल तर, वर्षातून एकदा विमानात बसणाऱ्यानं यात पडू नये. वाचणारी पाचदहा मिनिटं आणि त्यासाठी आधार, सेल्फी, प्रवासाची नोंद एका कंपनीच्या ॲपला जोडणं, हा सौदा मला पटत नाही. आठवड्याला मुंबई-हैदराबाद करणाऱ्याचा हिशोब वेगळा असू शकतो. तुम्ही करणारच असाल तर स्वतःच्या फोनवर, स्वतः, घरी बसून करा. दारातल्या टॅबवर करू नका, आणि भाच्याच्या फोनवर तर मुळीच नाही. फोन विकायच्या किंवा घरातल्या दुसऱ्याला द्यायच्या आधी ॲप आणि त्यातली माहिती काढून टाका.

पायरी ४: भारतातून बाहेर पडताना

इमिग्रेशनच्या खिडकीवर बसलेला अधिकारी केंद्रीय गृह मंत्रालयाच्या इमिग्रेशन ब्युरोचा. इथं मर्जी नाही. तो पासपोर्ट स्कॅन करतो, काचेजवळच्या छोट्या कॅमेऱ्याकडं बघायला सांगतो. बघा. बुरखा-नकाब असेल तर चेहरा दाखवावाच लागतो. महिला अधिकाऱ्यासमोर दाखवते असं सांगायचा संकोच करू नका, मोठ्या विमानतळांवर महिला अधिकारी असतात.

याच भागात हल्ली आपोआप उघडणारी ई-गेट दिसतात. ती मर्जीची. 'फास्ट ट्रॅक इमिग्रेशन, ट्रस्टेड ट्रॅव्हलर प्रोग्राम' असं लांबलचक नाव. २२ जून २०२४ ला दिल्लीत सुरुवात झाली, १६ जानेवारी २०२५ पासून मुंबई, हैदराबाद, बेंगळुरू, चेन्नई, कोलकाता, कोची आणि अहमदाबादलाही. गृह मंत्रालयाच्या पोर्टलवर अर्ज करायचा, मंजूर झाला की विमानतळावर किंवा परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयात ठसे आणि चेहरा द्यायचा. पैसे लागत नाहीत. नोंदणी ५ वर्षांची, त्याआधी पासपोर्ट संपला तर तेवढीच.

आखातातून दरवर्षी ये-जा करणाऱ्याला हे सोयीचं आहे, कारण मुंबईच्या मध्यरात्रीच्या रांगा जीव खातात. आजीच्या एका फेरीसाठी मात्र एवढा खटाटोप कशाला? खिडकीवरचा माणूस आजीचं काम पासपोर्ट बघून करून देतोच.

पायरी ५: परक्या देशात उतरल्यावर

नियम इथं त्या देशाचे, आपले नाहीत. म्हणून देशागणिक वेगळं सांगतो.

अमेरिका. चेहरा आणि दहा बोटांचे ठसे व्हिसाच्या वेळीच दिलेले असतात. २६ डिसेंबर २०२५ पासून तिथं नवा नियम लागू झाला: नागरिक नसलेल्या कुणाचाही येताना आणि जातानाही फोटो घेता येतो. पूर्वी १४ वर्षांखालच्या आणि ७९ वर्षांवरच्या प्रवाशांना सूट होती, तीही गेली. म्हणजे ऐंशी वर्षांच्या आजीचाही फोटो निघणार आणि परत येताना विमानाच्या दारातही निघणार. हा फोटो अमेरिकेचं सरकार ७५ वर्षांपर्यंत ठेवू शकतं. आजीच्या मागं, तिच्या नातवाच्या म्हातारपणापर्यंत.

गंमत अशी की त्याच रांगेत, तिकडंच जन्मलेला तिचा नातू 'नको' म्हणू शकतो. अमेरिकन नागरिकानं फोटोला नकार देऊन पासपोर्ट हातानं तपासून घ्यावा, अशी सोय आहे, आणि नागरिकांचे असे फोटो १२ तासांत पुसतात असं खातं सांगतं. तेव्हा लेकरू तिकडचं नागरिक असेल तर आईबापांनी अधिकाऱ्याला तसं सांगावं. नको म्हणायचं असेल तर म्हणावं. आजीनं मात्र हा प्रयोग करू नये, तिला तो हक्क नाही.

अमेरिकेच्या सीमेवर मोबाईलही तपासू शकतात. विमान उतरायच्या आधी फोनचं चेहऱ्यानं उघडणारं कुलूप बंद करून पिन लावा, नाहीतर फोन तुमच्या तोंडासमोर धरला की उघडला. पिन सांगायला नकार दिला तर परदेशी माणसाला परत पाठवू शकतात, हेही लक्षात असू द्या. फोनमध्ये लोकांना दाखवण्यासारखं नसेल ते घरी ठेवूनच निघा.

युरोप. १२ ऑक्टोबर २०२५ पासून २९ देशांच्या सीमांवर प्रवेश-निर्गमन प्रणाली सुरू झाली, पासपोर्टवरच्या शिक्क्याऐवजी. कमी मुदतीसाठी येणाऱ्या परदेशी माणसाचा चेहरा आणि चार बोटांचे ठसे त्यात नोंदले जातात. बारा वर्षांखालच्या मुलांचा फक्त फोटो. शेंगेन व्हिसावर, म्हणजे या देशांना मिळून चालणाऱ्या कमी मुदतीच्या व्हिसावर, जाणाऱ्या भारतीयाचे ठसे व्हिसाच्या वेळीच घेतलेले असतात, त्यामुळं सीमेवर नव्यानं नोंदतात तो चेहरा. द्यायचा नाही म्हटलं तर आत सोडत नाहीत.

नोंद ३ वर्षं राहते. तुम्ही बाहेर पडल्याची नोंद सापडली नाही तर ५ वर्षं. या वाक्यावर जरा थांबा. कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवसांपेक्षा जास्त राहता येत नाही, आणि तो हिशोब आता मशीन करतं. परत निघताना मशीननं तुमची नोंद केली नाही तर कागदावर तुम्ही अजून युरोपातच आहात, आणि पुढच्या वेळी मुदतीपेक्षा जास्त राहिल्याचा ठपका येऊ शकतो. म्हणून परतीचा बोर्डिंग पास, तिकीट आणि आपल्याकडच्या इमिग्रेशनचा येण्याचा शिक्का जपून ठेवा. युरोपच्या कायद्यानं परदेशी माणसालाही स्वतःची नोंद बघायचा आणि चुकीची असेल तर दुरुस्त करून घ्यायचा हक्क आहे. तो आपल्या इथं अजून मिळाला नसला तरी तिकडं मिळतो, वापरा.

जर्मनीत शिकायला गेलेल्या लातूरच्या मुलीला दीर्घ मुदतीचा व्हिसा किंवा निवास परवाना असतो, तिला ही प्रणाली लागू नाही. तिला भेटायला जाणाऱ्या आईवडिलांना लागू आहे. चुकीच्या रांगेत उभं राहून घाबरणारे पालक बहुधा हेच असतात.

आखात. दुबईच्या टर्मिनल ३ वर २०१८ पासून चालत जायचे स्मार्ट बोगदे आहेत, चेहरा आणि बुबुळं बघून प्रवासी पुढं सोडणारे. सौदीत ठसे आणि फोटो दोन्ही घेतात. इथं तुम्हाला विचारायची पद्धत नाही, आणि नोंद किती वर्षं ठेवता असं विचारून उत्तर मिळेल अशी आशाही करू नका. कामासाठी जाणाऱ्यानं एवढंच करावं: स्वतःच्या नावानं, स्वतःच्या पासपोर्टवर, खऱ्या वयानंच जावं. एकदा चेहरा आणि ठसे तिथल्या यंत्रणेत बसले की पुढं वेगळ्या नावानं किंवा वेगळ्या जन्मतारखेनं आलेला माणूस तिथंच पकडला जातो. जुन्या काळी वय वाढवून, दुसऱ्या नावानं गेलेल्यांच्या कथा गावात ऐकायला मिळतात. ते दिवस संपले.

पायरी ६: मशीन 'हा तो नव्हे' म्हणतं तेव्हा

हे घडतं, आणि आपल्यासारख्यांबाबत जास्त घडतं. मशीन दोन तऱ्हेनं काम करतं. एक म्हणजे समोरचं तोंड पासपोर्टातल्या फोटोशी जुळतं का, एवढंच बघणं. हे रेशन दुकानातल्या अंगठ्यासारखं: शिधापत्रिका तुमची, अंगठा तुमचा, जुळला की धान्य. दुसरी तऱ्हा म्हणजे समोरचा चेहरा हजारो-लाखो चेहऱ्यांच्या यादीत शोधणं. पहिल्यात चुकलं तर तुम्हाला खोळंबा होतो. दुसऱ्यात चुकलं तर भलत्याच माणसाचं पाप तुमच्या माथी येऊ शकतं.

अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके आणि तंत्रज्ञान संस्थेनं डिसेंबर २०१९ मध्ये ९९ कंपन्या-संस्थांची १८९ सॉफ्टवेअरं तपासून अहवाल दिला. एका माणसाला दुसराच समजण्याची चूक बऱ्याच सॉफ्टवेअरांत आशियाई आणि आफ्रिकी चेहऱ्यांबाबत गोऱ्यांच्या १० ते १०० पट निघाली. बायका, म्हातारी माणसं आणि लहान मुलं यांच्याबाबतही ती जास्त होती. सॉफ्टवेअर पुढं सुधारली आहेत, पण कोणत्या सीमेवर कोणतं बसवलंय हे आपल्याला कुठं कळतं?

अडलं तर काय करायचं:

फाटकाशी झटापट करू नका, चार-चार वेळा तोंड पुढं करू नका. चष्मा, टोपी, मास्क काढा, पदर मागं घ्या, एकदा सरळ बघा. नाहीच झालं तर हात वर करून कर्मचाऱ्याला बोलवा आणि म्हणा, "मॅन्युअल चेक प्लीज." एवढे तीन शब्द आजीलाही पाठ करून द्या. माणूस आला की पासपोर्ट, परतीचं तिकीट, राहण्याचा पत्ता एकत्र दाखवा. दाढी वाढवली असेल, आजारानं वजन उतरलं असेल, डोळ्याचं किंवा तोंडाचं ऑपरेशन झालं असेल तर आपल्या मधल्या काळातला फोटो असलेलं दुसरं सरकारी ओळखपत्र आणि डॉक्टरांचा इंग्रजीतला कागद सोबत असू द्या.

अमेरिकेच्या प्रवासात दर वेळी बाजूला घेत असतील, कुणाच्या तरी नावाशी किंवा चेहऱ्याशी गल्लत होते अशी शंका असेल, तर त्यांच्या गृह सुरक्षा खात्याकडं 'ट्रिप' नावाची तक्रार सोय आहे. ऑनलाइन, फुकट. तिथून एक निवारण क्रमांक मिळतो, तो पुढच्या तिकिटात भरायचा. एजंट यासाठी पैसे मागतील. देऊ नका.

पायरी ७: परत आल्यावर, आपल्या सरकारला विचारणं

खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठानं २४ ऑगस्ट २०१७ ला पुट्टस्वामी खटल्यात दिला. त्यानंतर सहा वर्षांनी डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ आला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. संमती, माहिती पुसणं, गळती झाल्यास कळवणं ही मुख्य कलमं लागू व्हायला मात्र नियम निघाल्यापासून १८ महिने दिले आहेत. आणि कलम १७ प्रमाणं देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी केंद्र सरकार आपल्या कुठल्याही यंत्रणेला अधिसूचना काढून या कायद्यातून मोकळं करू शकतं. सीमेवरच्या कॅमेऱ्याबाबत हाच मोठा खड्डा आहे. कंपनीवर २५० कोटींपर्यंत दंड बसू शकतो, पण ज्या खात्याला सूट मिळाली त्याला तुम्ही काय विचारणार?

तरी विचारता येईल तिथं विचारावं. संभाजीनगरचं चिकलठाणा विमानतळ भारतीय विमानतळ प्राधिकरण चालवतं आणि प्राधिकरणाला माहिती अधिकार लागू आहे. अर्ज मराठीत चालतो, कारण कायद्यात इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाची राजभाषा असंच म्हटलंय. फी १० रुपये, टपालानं किंवा केंद्र सरकारच्या माहिती अधिकार पोर्टलवरून ऑनलाइन. प्रश्न थेट आणि कागदपत्र मागणारे ठेवा, 'का' असं विचारू नका, 'का'ला उत्तर देत नाहीत. मी असे लिहितो:

"या विमानतळावर चेहरा ओळखणारी यंत्रणा बसवली आहे काय? असल्यास ती कोणत्या आदेशानं बसवली, त्या आदेशाची प्रत. यंत्रणा पुरवणाऱ्या कंपनीचं नाव आणि कराराची प्रत. प्रवाशांचे फोटो किती दिवस ठेवले जातात, याबाबतच्या लेखी सूचनेची प्रत. नकार देणाऱ्या प्रवाशांसाठी पर्यायी रांगेबाबत कर्मचाऱ्यांना दिलेल्या सूचनेची प्रत."

उत्तर ३० दिवसांत यायला हवं. आलं नाही, किंवा 'सुरक्षेच्या कारणास्तव देता येत नाही' एवढंच आलं, तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील करा. त्याला वेगळी फी नाही. मूळ अर्जाची प्रत आणि पोचपावती जोडायची, बस.